आत्ता घरात कोण आहे

डार्सी लुंडग्रेनच्या डोक्यात रोवेना किआम्बाओ पहिल्याच आठवड्यात गेली. कारण तसं क्षुल्लक होतं. तिने त्याला रोजच्या प्रोग्राममधली एक अट मोठ्याने वाचायला सांगितली, आणि त्याला ती वाचता आली नाही.

टॅमरॅक क्रीक गावात टायरच्या दुकानावरच्या माडीवर त्यांचं ऑफिस होतं. माणसं मोजकी आणि काम एकच. खोऱ्यात वणवा लागला की धोक्याच्या पट्ट्यातल्या कोणत्या घरांना बाहेर पडायला सांगायचं ते ठरवणारा, आणि त्या घरांना आपोआप फोन लावणारा प्रोग्राम सांभाळायचा. तो जावामध्ये लिहिलेला होता आणि बराच जुना होता. मूळ लिहिणारा नोकरी सोडून चेरीच्या बागेत रमला होता. त्याच्यामागे प्रत्येक वणव्याने जे शिकवलं ते कुणी ना कुणी त्या एकाच अटीत कोंबत गेलं. दर उन्हाळ्याला तिच्यात एक नवा कंस वाढायचा. ती अट आता अख्खा पडदा भरून खाली सांडत होती, आणि गेली काही वर्षं तिची राखण डार्सीकडे होती.

"घर पट्ट्यात असेल," डार्सी वाचू लागला, "आणि रिकामं नसेल, किंवा भाड्याने दिलेलं असेल, आणि फोन झालेला नसेल, किंवा झाला असेल पण उचलला नसेल, आणि..." तो थांबला. बोटाने पडद्यावर काहीतरी शोधू लागला.

"हा कंस कुठे मिटतो?" रोवेनाने विचारलं.

"खाली मिटतो कुठेतरी."

"कुठेतरी?"

"हे बघ, चालतंय ना? मग झालं तर."

रोवेना सरीसारखं मोठं शहर सोडून या गावात आली होती. चाळिशीची, बुटकी, आणि कुणाचंही बोलणं पूर्ण होईपर्यंत थांबणारी. तिचं हे थांबणंच डार्सीला जास्त टोचायचं. दुपारी ती डब्यातला व्हिनेगरचा घमघमाट सुटलेला अडोबोचा रस्सा आणि भात शांतपणे खायची आणि खाता खाता ती अट वाचत बसायची. एखादा माणूस शेजाऱ्याच्या छपराची गळती न्याहाळतो, तशी.

मे महिन्यात सराव झाला. खरी आग नाही, नुसती रंगीत तालीम. पडद्यावर आकडा बरोबर आला, इतक्या घरांना फोन जाणार म्हणून. प्रत्यक्षात फोन गेले मूठभर घरांना. दुसऱ्या दिवशी ग्लेनिस मॅकआव्हॉय जिना दणदणवत वर आली. ती जिल्ह्याची आपत्कालीन कामांची प्रमुख, आधी अग्निशमन दलात कॅप्टन होती. तिचा आवाज अजून धुरातून हाका मारणाऱ्या माणसाचा होता.

"डार्सी, माझा स्वतःचा फोन वाजला नाही. मी पट्ट्याच्या मधोमध राहते. मला काय भाजायला ठेवलंय?"

"बघतो ना, ग्लेनिस. तुम्ही बसा तरी."

"मी बसले की तू कॉफी देतोस आणि विषय बदलतोस. मला ठाऊक आहे तू कसा आहेस ते."

चूक रोवेनाला सापडली, तीही त्याच दिवशी. तिने डार्सीला खुर्ची ओढून शेजारी बसवलं. अटीच्या पोटात एक प्रश्न दडला होता : या घराला फोन करायचा आहे का? तो प्रश्न उत्तर तर द्यायचाच, पण उत्तर 'हो' असलं की जाता जाता त्या घरापुढे 'फोन झाला' अशी खूणही करून ठेवायचा. सरावात आधी नुसती मोजणी केली होती. मोजताना प्रत्येक घराला तो प्रश्न विचारला गेला आणि प्रत्येक घरावर खूण पडली. मग खरोखर फोन लावायची वेळ आली तेव्हा प्रोग्रामच्या मते सगळ्यांना फोन होऊन गेले होते.

"ताप बघायला थर्मामीटर लावावा आणि त्यानेच अंगात ताप भरावा, तसं झालंय हे," रोवेना म्हणाली. "प्रश्नाने फक्त प्रश्न विचारायचा. समोरच्याला हात लावायचा नाही."

डार्सीने तो प्रश्न पुन्हा एकदा वाचला. अशी चूक ती त्याच्या तोंडावर मारू शकली असती. तिने तसं केलं नाही. "ही अट मला मोडू देशील?" एवढंच तिने विचारलं. त्याने मान हलवली. मनातून मात्र तो म्हणत होता, मोड बाई, दोन दिवसांत तूच रडत येशील.

ती रडत आली नाही. दोन-तीन आठवडे ती अट सोलत बसली होती, कांदा सोलावा तशी, एकेक पापुद्रा. घर पट्ट्यात आहे का? हा एक प्रश्न. घरातली माणसं निघून गेली का? हा दुसरा. त्यांना न्यायला गाडी लागेल का? हा तिसरा. हो किंवा नाही, याखेरीज उत्तर नसलेल्या अशा प्रश्नाला जावामध्ये प्रेडिकेट म्हणतात. रोवेनाने प्रत्येक प्रश्न वेगळा काढला, त्याला साधंसुधं नाव दिलं आणि त्याच्या घरी नेऊन बसवला. 'घर' म्हणजे काय ते सांगणारी जी फाइल होती, तिच्यात.

मग चाळणीपाशी, म्हणजे सगळ्या घरांतून फोन करायची घरं निवडणाऱ्या ओळीपाशी, फक्त नाव घ्यायचं राहिलं. आधी तिथे प्रत्येक वेळी लिहिलेलं असायचं की एक घर घे, त्याची नोंद उघड, नोंदीत अमुक जागी बघ, तमुक असेल तर हो म्हण. आता तिथे वस्तूचं नाव, मग विसर्गासारखे दोन ठिपके पण दोनदा, आणि पुढे प्रश्नाचं नाव. याला मेथड रेफरन्स म्हणतात. काम कसं करायचं ते पुन्हा सांगायचं नाही, ज्याला ते येतं त्याच्याकडे बोट दाखवायचं. आपल्या भाषेत लिहिली असती तर ओळ अशी दिसली असती : पट्ट्यात, आणि, नाही(घर::निघून_गेलं).

डार्सीने ती ओळ पहिल्यांदा पाहिली तेव्हा तो खाली स्क्रोल करत राहिला, बाकीचं कुठे आहे ते बघायला.

"बाकीचं नाहीये," रोवेना म्हणाली.

"म्हणजे एवढंच?"

"एवढंच होतं पहिल्यापासून. दिसत नव्हतं."

त्या संध्याकाळी घरी जाताना त्याने ती ओळ गाडीत दोनदा स्वतःशी म्हणून पाहिली. एखादं छान जमलेलं सुतारकाम बघून माणूस दारावरून हात फिरवतो ना, तसं काहीसं त्याला होत होतं. इतकी वर्षं तो ज्या घनदाट जंगलात वाट काढण्याचा अभिमान बाळगून होता, तिथे मुळात मैदान होतं.

मग त्याला त्याचं वेडच लागलं. दिसेल तिथे तो दुहेरी ठिपके घालू लागला. दोन आकड्यांची साधी तुलना असली तरी तिचंही एक नाव पाडायचं, ते नाव कुठेतरी ठेवून यायचं आणि तिकडे बोट दाखवायचं. रोवेनाने एका दुपारी त्याचं काम तपासायला घेतलं आणि डोक्याला हात लावला.

"हे काय? 'तीनपेक्षा_जास्त_वेळा_न_उचललेला'?"

"नाव दिलं ना. तूच म्हणतेस नाव द्या."

"अरे, नावापेक्षा ती गोष्ट लहान आहे! जागच्या जागी लिही, -> असा बाण टाकून. वाचणाऱ्याला हेलपाटा पडता कामा नये, बस. नाव घेतल्याने लवकर कळत असेल तर नाव घे. दाखवल्याने कळत असेल तर दाखव. दुहेरी ठिपके म्हणजे काही कपाळाचा टिळा नाही सगळ्यांना लावायला."

डार्सी हसला. त्याला आता तिचा राग येत नव्हता. तिच्या शिव्याही नेमक्या जागी पडायच्या.

जूनमध्ये ग्लेनिस पुन्हा आली, तेव्हा रोवेनाने तिला थेट कोडच दाखवला. डार्सी म्हणत होता की हे दाखवण्यासारखं नाही, बाईला काय कळणार. ग्लेनिसने चष्मा लावला, पडद्याजवळ नाक नेलं आणि ओठ हलवत वाचलं.

"पट्ट्यात आहे. आणि निघून गेलेलं नाही." तिने चष्मा काढला. "हे मला कळतंय."

"हो."

"मला कळतंय म्हणजे तुमचं काहीतरी चुकलं असेल. नीट बघा."

तिघेही हसले. पण जाताना ग्लेनिस जिन्यात थांबली आणि म्हणाली, "माझ्या जन्मात पहिल्यांदा मला माहितीये की तुमचं ते मशीन काय करणार आहे. आग लागल्यावर मला एवढंच हवं असतं, रे."

आग लागली ऑगस्टमध्ये. विजेने पेटलेला डोंगरमाथा दोन दिवस नुसता धुमसत होता, तिसऱ्या दिवशी सकाळी खाली उतरू लागला. खोऱ्याच्या उत्तरेकडच्या घरांना निघण्याच्या तयारीत राहायला सांगितलं गेलं, आणि बहुतेक लोक वाट न बघता निघालेच. शाळेत जाऊन 'आम्ही निघालो' अशी नोंद केली, आणि कुणी बहिणीकडे तर कुणी मोटेलात उतरलं. दुपारी वारा पडला. तेव्हा गाईगुरं असलेल्यांना चारापाणी करायला पास देऊन परत आत सोडलं गेलं.

ग्लेनिसने कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावर दगड घसरवण्याच्या खेळाच्या, हॉलमध्ये ठाण मांडलं होतं. उन्हाळ्यात तिथे बर्फ नसतो, नुसती गार फरशी. त्यावर टेबलं, नकाशे आणि तारांचं जंजाळ. डार्सी प्रोग्राम सांभाळायला तिथेच बसला होता, एकटा. रोवेना सरीला गेली होती. तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन नेमकं त्याच दिवशी होतं.

तीनच्या सुमाराला वारा उलटा फिरला. हॉलच्या उघड्या दारातून राखेचे तुकडे आत येऊ लागले. ग्लेनिसने रेडिओ कानाला लावला, ऐकलं, आणि तो खाली ठेवता ठेवताच ओरडली, "उत्तर पट्टा, सगळे बाहेर, आत्ता! डार्सी, लाव फोन!"

डार्सीचा हात बटणावर गेलाच होता. ग्लेनिस त्याच्या पाठीशी येऊन उभी राहिली. पडद्यावर तीच ओळ होती. तिने ती सवयीने मोठ्याने वाचली. "पट्ट्यात आहे, आणि निघून गेलेलं नाही." आणि तिने डार्सीचा खांदा धरला. "थांब. एब फ्रीझन."

"कोण?"

"दुधाचा धंदा आहे त्याचा, वरच्या फाट्यावर. तो सकाळी निघून गेला. मी स्वतः पाहिलं त्याला शाळेत नोंद करताना. पण आता तो धारा काढायला परत गेलाय. त्याच्यासारखे कितीतरी गेलेत. हे तुझं काय म्हणतंय? निघून गेलेलं नाही. म्हणजे त्यांना फोन जाणारच नाही!"

डार्सीने बटणावरचा हात मागे घेतला. जुन्या अटीत हे त्याला चार दिवसांनी कळलं असतं, किंवा कळलंच नसतं.

"मग सगळ्यांनाच लावू? पट्ट्यातल्या झाडून सगळ्यांना?"

"नको! जे फोन उचलत नाहीत त्यांच्या दारात माझी माणसं जातात. तू रिकाम्या घरांना फोन लावशील आणि माझी माणसं आगीत रिकामी दारं ठोठावत बसतील. मला आत्ता घरात कोण आहे तेवढं सांग."

खोऱ्यात शिरायच्या रस्त्यावर, नाक्यावर उभी असलेली मंडळी आत-बाहेर जाणाऱ्यांची नोंद टॅबलेटवर करत होती. ती नोंद प्रोग्रामपर्यंत येत होती, फक्त तिच्याकडे बघणारा प्रश्न कुणी विचारला नव्हता. डार्सीने रोवेनाला फोन लावला. तो सरळ निरोपाच्या पेटीत गेला. त्याने फोन ठेवला आणि 'घर' ही फाइल उघडली.

प्रश्न लिहायला वेळ लागला नाही. नाक्यावरची शेवटची नोंद आत जाण्याची आहे का? नाव : परतलं. मग तो चाळणीपाशी आला आणि घाईघाईत शेवटी जोडून मोकळा झाला : पट्ट्यात, आणि, नाही(घर::निघून_गेलं), किंवा, घर::परतलं.

बटणावर बोट गेलं, आणि त्याला रोवेनाचं ते थांबणं आठवलं. त्याने मोठ्याने वाचलं. "पट्ट्यात आहे आणि निघून गेलेलं नाही. किंवा परतलंय." तो पुन्हा म्हणाला, "किंवा परतलंय."

"बरोबर आहे की," ग्लेनिस म्हणाली.

"नाही. हे डावीकडून जोडत जातं. परतलेला कुणीही, कुठलाही. पट्ट्याबाहेरचाही. दक्षिणेचे लोक तर दिवसभर नाक्यातून जा-ये करतायत. त्या सगळ्यांना 'पळा' म्हणून फोन जाईल, आणि सगळे त्याच एका रस्त्यावर येतील."

ग्लेनिसने त्याची खुर्ची जरा पुढे ढकलली.

डार्सीने 'किंवा' तिथून उचलला. आधी दोन प्रश्नांची गाठ मारायची आणि त्या गाठीला नाव द्यायचं, असं त्याने ठरवलं. पहिल्या प्रयत्नाला कोड तपासणाऱ्या कंपायलरने तोंड फिरवलं. दुहेरी ठिपक्यांच्या नुसत्या नावाला थेट 'किंवा' चिकटत नाही, ते आधी प्रेडिकेट म्हणून नीट हातात घ्यावं लागतं. रोवेनाने हे त्याला दोनदा सांगितलं होतं आणि दोन्ही वेळा तो 'हो हो' म्हणाला होता. त्याने स्वतःला एक शिवी हासडली आणि ओळ नीट केली. निघून गेलेलं नाही, किंवा परतलंय, याचं नाव : आत्ता_घरात. आणि चाळणीत आता उरलं ते इतकंच : पट्ट्यात, आणि, आत्ता_घरात.

"वाचा," तो ग्लेनिसला म्हणाला.

"पट्ट्यात आहे, आणि आत्ता घरात आहे." तिने मान डोलावली. "हो. हेच."

"आधी फोन न लावता नुसती नावं बघू." त्याने तसं केलं. प्रश्न आता कुणावर खुणा करत नव्हते, म्हणून असं बिनधास्त बघता येत होतं. नावं सरसर वर गेली. ग्लेनिसने एका नावावर बोट आपटलं. फ्रीझन, एब. दक्षिणेतलं एकही घर त्यात नव्हतं.

"लाव," ती म्हणाली.

फोन गेले. उचलले गेले ते हिरवे झाले, न उचललेले पिवळे. फ्रीझनचं नाव पिवळंच राहिलं. ग्लेनिस रेडिओवर पिवळी नावं फाट्यांप्रमाणे वाचून दाखवत होती आणि तिकडून गाड्या वळत होत्या. डार्सीला दुसरं काही करण्यासारखं उरलं नव्हतं. गार फरशीवर पाय टेकवून तो पिवळ्यांचे हिरवे होताना बघत राहिला. बऱ्याच वेळाने रेडिओवर एका मुलीचा खोकत बोलणारा आवाज आला, "फ्रीझन बाहेर. कुत्र्यासकट." ग्लेनिसने टेबलावर डोकं टेकलं आणि लगेच उचललं.

उत्तर पट्ट्यातली बरीच घरं त्या संध्याकाळी गेली. माणूस एकही गेला नाही.

रोवेना दोन दिवसांनी परतली. आईचा डोळा ठीक होता. तिने कोट न काढताच डार्सीचा कोड उघडला. तो तिच्या मागे उभा राहून उगीच कॉफी ढवळत होता. तिने 'परतलं' वाचलं, 'आत्ता_घरात' वाचलं, चाळणी वाचली. मग पुन्हा पहिल्यापासून.

"काही बदलायचंय?" त्याने विचारलं.

"नाही."

"काहीच?"

"मी यापेक्षा बरं लिहिलं नसतं," ती म्हणाली. "आत्ता घरात. हे नाव मला सुचलं नसतं. मी काहीतरी हुशारीचं ठेवलं असतं." मग कोट काढता काढता, "चाचण्या कुठायत याच्या?"

"आग होती गं!"

"आता नाहीये."

त्याने चाचण्या लिहिल्या.

सप्टेंबरात, धूर निवळल्यावर, एक उंच, वाकलेला माणूस जिना चढून वर आला. हातात कागदात गुंडाळलेलं घरचं सॉसेज. एब फ्रीझन. त्याच्या गोठ्याचं अर्धं छप्पर जळालं होतं. गाई मात्र त्याने जाता जाता पाणी दिलेल्या हिरव्या लसूणघासाच्या शेतात सोडल्या होत्या, आणि त्या तिथे उभ्या राहून वाचल्या होत्या.

"धारांचं यंत्र चालू होतं, फोन ऐकू आला नाही," तो सांगू लागला. "मग ती पोरगी दार बडवायला लागली. मी म्हटलं, मी तर निघून गेलोय, शाळेत लिहून दिलंय तसं. ती म्हणाली, मग काका, हे दूध कोण काढतंय?" तो स्वतःशीच हसला. "मला ते बघायचंय. मला कुणी शोधलं ते."

रोवेनाने डार्सीकडे पाहिलं आणि खुर्ची सोडली. डार्सीने ती ओळ उघडून दिली. फ्रीझन वाकून बराच वेळ वाचत होता.

"यात मी कुठेय?"

डार्सीने आधी 'आत्ता_घरात'वर बोट ठेवलं, मग वरच्या ओळीत, 'परतलं'वर.

"छोटीशीच आहे की ओळ."

"आधी फार मोठी होती," डार्सी म्हणाला. "हिने लहान केली." आणि त्याने रोवेनाकडे मान वळवली.

फ्रीझनने रोवेनाकडे आदराने पाहिलं, मान लववली, आणि सॉसेजचं पुडकं तिच्या हातात ठेवलं. मग जरा संकोचत म्हणाला, "एक सांगू का? त्याला एवढं शिकवता येईल? धारांच्या वेळेला फोन करू नकोस म्हणून?"

"नाही हो," रोवेना म्हणाली. "हे नाही शिकवणार आम्ही त्याला."

"मग राहू दे," फ्रीझन म्हणाला, आणि कॉफीसाठी खुर्ची ओढून बसला.